पिशवीत मावणारे वाद्य

गेल्या वर्षीच्या वैशाखातली गोष्ट आहे. जालन्याच्या आमच्या एमआयडीसीत दुपारची पाळी सुटून रात्रपाळीची माणसे आत जाण्याची वेळ होती. दिवसभर तापलेला डांबरी रस्ता अजून वाफा टाकीत होता. मी फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो, तोच आमच्याच रोलिंग मिलमधला एक मुलगा समोर येऊन उभा राहिला. देखभाल खात्यात फिटर आहे, भोकरदनकडचा. त्याच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून एका लाकडी दांडीचे टोक बाहेर डोकावत होते.

“काका, तुम्ही भजनात पेटी वाजवता ना?”

“वाजवतो की.”

“मग एक खरं खरं सांगा. माझा कान खराब आहे का?”

आमच्या कारखान्यात कान खराब होणे याचा अर्थ एकच. लोखंडाच्या आवाजाने ऐकू कमी येऊ लागणे. मी त्याच अर्थाने घेतले आणि कानात बोळे घालून काम करीत जा, असा उपदेश सुरू केला. त्याने तो निमूटपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, “तसं नाही काका. सुराचा कान म्हणतो मी.”

मग त्याने पिशवीतून वाद्य काढले. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गिटारीचे तीन-चार वर्षांचे पोर असावे असे हे वाद्य दिसते. कमरेत आवळलेले पोकळ पोट, मधोमध गोल भोक, आखूड दांडी, दांडीवर पितळी पडदे आणि वर प्लॅस्टिकच्या चार तारा. तारा म्हणायच्या, पण असतात त्या नायलॉनच्या किंवा तत्सम दोऱ्या. याचे नाव युकुलेले. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. एसटीत मांडीवर घ्यावे, रेल्वेत उशाशी ठेवावे, कोणाची हरकत नाही.

पोराने ते मोबाईलवरून मागविले होते, चौदाशे रुपयांना. तो आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी गावी जातो. पेटी विकत घेण्याची ऐपत नाही आणि घेतली तरी ठेवणार कोठे? म्हणून हे. तीन महिने तो मोबाईलवरचे धडे बघून पाळी सुटल्यावर तास-तासभर बसत होता. पण गाणे काही जमेना. तारा जुळवल्या की जुळतात, वाजवायला लागले की बेसूर. खोलीतले सोबती हसू लागले. “तुझा कानच फुटका आहे,” हा निकाल त्यांनी दिला आणि वाईट हे की तो निकाल यालाही पटला. बहिणीच्या मुलाला ते खेळणे म्हणून देऊन टाकण्याचे त्याने ठरविले होते. जाता जाता एकदा काकांना विचारावे, म्हणून आला.

मी त्याला म्हटले, “रविवारी घरी ये. पेटीपुढे बसून बघू.”

रविवारी तो आला. पेटी उघडली आणि चारही तारा सुट्या वाजवून घेतल्या. युकुलेलेच्या तारा वरून खाली अशा लावतात: पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. पांढरी एक हा सा धरला तर प, सा, ग, ध. यात मजा अशी की सगळ्यांत वरची तार सगळ्यांत खर्जाची नसते. तो प सा-च्या वरचाच असतो. त्यामुळे अंगठा खाली फिरवला की पहिल्यांदा प लागतो, मग सा. तंबोऱ्याचीही पहिली तार पंचमाचीच, फक्त ती खालच्या सप्तकातली. ते असो. सुट्या तारा पोराने तंतोतंत लावल्या होत्या. मी पेटीवर सूर धरीत गेलो, कोठेही थरथर ऐकू येईना. म्हणजे कान फुटका नव्हता, हे तेव्हाच कळले.

मग त्याला बाराव्या पडद्यावर बोट ठेवायला सांगितले. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो. तेथे तार दाबली की तोच सूर वरच्या सप्तकात मिळाला पाहिजे. आला तो सूर चढा. चारही तारांवर चढा. माझ्या बायकोने आतून विचारले, “कोण रडतंय?”

श्रोतेहो, मी गायक नव्हे. माझी उभी हयात रोल टर्निंगच्या लेथवर गेली. ज्या रोलमधून सळई निघते त्या रोलच्या खाचा कापायच्या आणि मोजायच्या, हा माझा धंदा. सूर चुकला म्हटले की दुसरा कोणी डोळे मिटील, मी व्हर्नियर काढतो. तो काढला. दांडीच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात, तिला मेरू म्हणतात. मेरूपासून बाराव्या पडद्यापर्यंत अंतर भरले 173 मिलिमीटर. तेथून पोटावरच्या घोडीपर्यंत तेवढेच, किंबहुना एक-दोन मिलिमीटर अधिकच, असायला हवे. कारण तार दाबताना ताणली जाते आणि किंचित चढते, तेवढी सवड ठेवावी लागते. भरले 169. चार मिलिमीटर कमी! पडदे यंत्राने कापलेले, ते बरोबर होते. पहिला पडदा साडेएकोणीस मिलिमीटरच्या जरा आत, हिशेबात हवा तेथेच. घोडी मात्र कोणी तरी घाईत पुढे चिकटवली होती. या चार मिलिमीटरांनी बाराव्या पडद्याचा सूर अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याने चढतो. पेटीशेजारी बसून ऐकणाऱ्याला तेवढे पुरते.

मी व्हर्नियर त्याच्या हातात दिला. त्याने स्वतः मोजले, दोनदा मोजले. मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

महाग वाद्य घेणाऱ्याला वाद्यावर संशय घेण्याचा हक्क असतो. पैसे मोजलेले असतात, दुकानदार ओळखीचा असतो. चौदाशे रुपयांचे वाद्य घेणारा मात्र स्वतःवर संशय घेतो. तीन महिने त्या मुलाने स्वतःवर घेतला. म्हणून स्वस्तातले वाद्य निवडताना काय पाहावे हे मी आज जरा तपशिलाने सांगणार आहे. थोडे कारकुनी वाटेल, पण ऐकावे.

त्याआधी या वाद्याची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण ती आम्हा मराठवाड्याच्या लोकांना फार परकी नाही. अटलांटिक महासागरात मदेरा नावाचे बेट आहे, पोर्तुगालचे. त्याच पोर्तुगालचे, ज्याचा अंमल आपल्या गोव्यावर 1961 सालापर्यंत होता. मदेरात ‘मशेट’ नावाचे चार तारांचे छोटेसे वाद्य होते. 1879 साली ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज मदेराची गरीब माणसे, बायकापोरांसह, पॅसिफिकमधल्या हवाई बेटांवर घेऊन गेले. कशासाठी? उसाच्या मळ्यांत करारावर राबण्यासाठी. आपल्याकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. त्या जहाजात नुनेस, डायस आणि सांतो अशा आडनावांचे तीन लाकूडकाम करणारे कारागीर होते. कराराची मुदत संपल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकाने थाटली आणि मशेटाचे रूप थोडे पालटून हे वाद्य बनविले. तेथला राजा कालाकाऊआ याला ते आवडले, दरबारात गेले. युकुलेले या नावाचा अर्थ ‘उड्या मारणारी पिसू’ असा सांगतात. वाजविणाऱ्याची बोटे तशी पळतात म्हणून. पुढे 1915 साली सान फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी ते वाजविले आणि अमेरिकाभर त्याचे वेड पसरले.

सांगायचा मुद्दा हा की, हे वाद्य मुळातच प्रवासी माणसाचे आहे, आणि तेही मजुरीसाठी निघालेल्या माणसाचे. आपल्याकडे असे वाद्य नव्हते असे नाही. एकतारी आहे, वारकऱ्याच्या गळ्यातली वीणा आहे. तुणतुणे तर किती सुटसुटीत! लाकडाचे पोकळ नळकांडे, खाली कातडे, बाजूला काठी आणि एक पोलादी तार. गोंधळ असो, पोवाडा असो, त्याच्यावाचून उभा राहत नाही. पण ही सारी सूर धरणारी वाद्ये. त्यांच्यावर गाणे वाजत नाही, गाण्याला आधार मिळतो. एकच तुणतुणे वाजवू नकोस असे आपण म्हणतो ते उगाच नव्हे. जिच्यावर चाल वाजेल अशी बुलबुलतरंग आहे. ती जपानी घराण्याची, आणि आपल्या लोकांनी तिला विजेवर चढवून ‘बेंजो’ हे तिसऱ्याच वाद्याचे नाव देऊन गणपतीच्या मिरवणुकीत नेले. पण चौघांच्या खोलीत, एक जण रात्रपाळी करून झोपला असताना, बेंजो काढून पाहा म्हणजे कळेल! युकुलेलेचा आवाज लहान असतो. दुकानदार याला उणेपणा म्हणतात. खोलीत राहणाऱ्याला तो मोठा गुण आहे.

आता निवडीकडे वळतो. आकाशवाणीवरून कंपन्यांची नावे घ्यायची नसतात, आणि मला ती घेण्याची गरजही वाटत नाही.

युकुलेले मुख्यतः तीन आकारांत मिळते. बाजारात त्यांना इंचांनीच ओळखतात. एकवीस इंची, तेवीस इंची आणि सव्वीस इंची. त्यांची खरी नावे अनुक्रमे सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर. याहून मोठा एक प्रकार आहे, त्याचा आपल्याला उपयोग नाही. प्रवासासाठी एकवीस इंची सगळ्यांत सोयीचे. ते साधारण 53 सेंटीमीटर लांब असते. विमानात हाताशी ठेवायच्या सामानाची लांबी बहुतेक कंपन्या 55 सेंटीमीटर धरतात, म्हणजे तेथेही ते कसेबसे बसते. पण माझे मत विचाराल तर मोठ्या माणसाने तेवीस इंची घ्यावे. दोन इंचांनी पिशवी फाटत नाही, आणि पडद्यांमधली जागा वाढल्याने बोटे एकमेकांवर चढत नाहीत. आमच्याकडच्या पोरांची बोटे स्पॅनर धरून धरून जाड झालेली असतात. अशांनी लांबीपेक्षाही मेरूची रुंदी पाहावी. 35 मिलिमीटर आणि 38 मिलिमीटर अशा दोन रुंदी सर्रास मिळतात. तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण चार तारांत ते वाटले जातात, आणि जाड बोटाला तेवढ्याने श्वास घ्यायला जागा मिळते. ‘प्रवासी’ म्हणून पातळ पोटाचा एक प्रकार वेगळा विकतात. तो वाईट नाही. आवाज थोडा कमी, किंमत थोडी अधिक.

लाकडाबद्दल दुकानात फार गोड गोड ऐकायला मिळते. सबंध एकाच फळीचे वाद्य चांगले, थरांचे म्हणजे प्लायचे हलके, असे सांगतात. आवाजापुरते ते खरे आहे. पण जालन्याच्या हवेपुरते खरे नाही! चैत्र-वैशाखात येथे पारा बेचाळीसपर्यंत जातो, हवा पापडासारखी कोरडी होते, पत्र्याच्या खोलीत तर बोलायलाच नको. पुढे मृग लागला की तीच हवा ओली. सबंध फळी या वागण्याला वैतागते. आकसते, फुगते आणि एक दिवस तडकते. थरांचे लाकूड उभे-आडवे चिकटविलेले असल्यामुळे एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो. तेव्हा पाच हजारांच्या आतले वाद्य घेणाऱ्याने, आणि ते बसमधून, रेल्वेतून हिंडविणाऱ्याने, प्लायचेच घ्यावे आणि कमीपणा मानू नये. फार हिंडणाऱ्यासाठी प्लॅस्टिकची युकुलेलेही मिळतात. प्लॅस्टिक म्हटल्यावर नाक मुरडू नका. 1949 साली मारिओ माकाफेरी नावाच्या नामांकित गिटार-कारागिराने अमेरिकेत प्लॅस्टिकचे युकुलेले काढले, आणि ते लाखोंनी खपले. त्याने पडद्यांची जागा चोख ठेवली होती, हे त्यातले इंगित. मात्र वाद्य प्लायचे असो की प्लॅस्टिकचे, दुपारी बंद मोटारीत ठेवू नये. सरस सुटतो, घोडी उचलते, प्लॅस्टिक वाकते. आमच्या एका साहेबांची गिटार अशीच गेली.

खुंट्यांविषयी एवढेच: दातेरी चक्राच्या घ्या. साध्या खुंट्या, ज्या नुसत्या घट्ट बसण्यावर तार धरतात, त्या चांगल्या असल्या तर चांगल्या; पण स्वस्तात त्या चांगल्या नसतात. खुंटी फिरवून पाहावी. मध्येच सैल, मध्येच घट्ट लागली की ते वाद्य परत ठेवावे.

आता मुख्य गोष्ट, मेरूची. स्वस्त युकुलेलेत सर्रास आढळणारा दोष म्हणजे मेरूच्या खाचा पुरेशा खोल नसणे. मग तारा पडद्यांपासून उंच राहतात, पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर त्या जोराने दाबाव्या लागतात, आणि दाबल्या की सूर चढतो. नवशिका नेमका त्याच पडद्यांवर वाजवीत असतो! बोटे दुखतात आणि वर बेसूर. हा दोष ओळखायची युक्ती फिटर मंडळींना लगेच समजेल. तार तिसऱ्या पडद्याशी दाबून धरावी आणि पहिल्या पडद्यावर तारेखाली किती फट उरते ते पाहावे. पातळ कागद सरकेल एवढी असावी. फीलर गेज असेल तर उत्तम. दहाव्या हिश्श्याचे पान घाला. पोस्टकार्ड सहज जात असेल तर खाच उथळ आहे. आमच्यासारख्यांना हा दोष दुरुस्त करता येतो. बारीक नीडल फाईल घेऊन खाच हळूहळू खोल करायची, उतार खुंटीच्या बाजूला ठेवायचा आणि दर दोन हातांनंतर मोजायचे. अधिक खोल गेली तर तार पहिल्या पडद्यावर खरखर करू लागते, मग मेरू बदलावाच लागतो. ज्याचा हात बसलेला नाही त्याने हा उद्योग वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडून करून घ्यावा. शंभर-दोनशे रुपयांत हे काम होऊन जाते आणि वाद्याचा जन्म पालटतो.

मोबाईलवरून मागविणाऱ्यांनी, आणि जालन्यात बसून बहुतेकांना तसेच मागवावे लागते, परत करण्याची मुदत आधी वाचून घ्यावी. खोके आले की त्याच संध्याकाळी चार तारा, बारा पडदे, असे अठ्ठेचाळीस सूर एकेक करून वाजवावेत. पेटी शेजारी असली तर सोन्याहून पिवळे. नसली तर मोबाईलमध्ये सूर दाखविणारी सोय फुकट मिळते. सुटी तार आणि बारावा पडदा जुळतो का? पहिल्या पडद्यावर पांढरी एकची काळी एक होते का, की तिच्याही पुढे जाते? एखादा पडदा खरखरतो का? दांडीच्या कडेवरून तळहात फिरवा. पडद्यांची टोके बोचली तर घासून घेता येतात. पण घोडी चुकली असेल तर विचार करू नका, परत पाठवा. ती उखडून पुन्हा बसविण्याचा खर्च वाद्याच्या किमतीत जातो.

एक मात्र ध्यानात असू द्या. नव्या नायलॉनच्या तारा आठवडाभर सैल होतच राहतात. सकाळी लावाव्यात, दुपारी उतरलेल्या. तो वाद्याचा दोष नव्हे, दोरीचा स्वभाव आहे. याच समजुतीच्या चुकीतून एक अनर्थ मी पाहिला आहे. तारा टिकत नाहीत म्हणून एका गृहस्थांनी वाद्य एका दुकानात नेले आणि दुकानदाराने मोठ्या उपकाराने त्याला गिटारीच्या पोलादी तारा चढवून दिल्या. पोलादाचा ताण नायलॉनच्या कितीतरी पट. रात्री घरात फटाका वाजावा तसा आवाज झाला. सकाळी पाहतात तो घोडी एकीकडे, पोट दुसरीकडे! युकुलेलेला पोलादी तार कधीही लावू नये.

किंमत काय पडेल? हजार-बाराशेपासून वाद्ये मिळतात हे खरे, आणि त्यांतही एखादे नशिबाने चांगले निघते. पण ती सोडत आहे. साधारण साडेतीन ते पाच हजारांच्या दरम्यान प्लायचे, दातेरी खुंट्यांचे, तेवीस इंची वाद्य मिळते. पैसे कमी असतील तर शिंपल्यांचे नक्षीकाम, चकचकीत रोगण, विजेची जोडणी, भेट म्हणून देऊ केलेल्या सतरा वस्तू, हे सारे सोडा. फक्त कापूस भरलेली जाड पिशवी सोडू नका. प्रवासात तीच वाद्याचे हाड वाचविते. उरलेले चार पैसे चांगल्या तारांवर घाला.

आता यावर कोणी जाणकार म्हणतील की, या खेळण्यावर राग कसा वाजणार? मींड कोठून काढणार? नाही निघणार. याचे पडदे पेटीच्या सुरांसारखेच बारा समान हिश्श्यांचे आहेत, आणि पेटीला तर याच आकाशवाणीने 1940 साली दाराबाहेर उभे केले होते. ती बंदी 1971 साली सैल झाली. मी पेटीवाला असल्यामुळे हे लक्षात ठेवले आहे, एवढेच. ज्याला मींड हवी त्याने मिरजेची वाट धरावी. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या वंशातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये घडविण्यास सुरुवात केली, आणि मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मिरजेची सतार घेऊन एसटीत चढणारा अजून मी पाहिलेला नाही. भावगीत गुणगुणावे, त्याला मागे चार सुरांचा झेला असावा, अभंगाची चाल सावकाश काढावी, एवढी भूक असेल तर युकुलेले ती भागविते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्याने लगेच नवे घेतले नाही. बोनस होईपर्यंत थांबला. दिवाळीआधी तेवीस इंची एक मागविले. खोके घेऊन सरळ माझ्याकडे आला, आणि मी चहा सांगेपर्यंत याने खिशातून फीलर गेज काढलासुद्धा. मेरू उथळच होता. तो त्याने स्वतःच्या हाताने घासला. तीन संध्याकाळी लागल्या. मी शेजारी बसून फक्त “पुरे, आता मोज” एवढेच म्हणत होतो. बारावा पडदा मात्र पहिल्याच दिवशी पेटीत विरघळून गेला. या वेळी आतून कोणी काही विचारले नाही.

आणि ते चौदाशेचे? ते भाच्याला गेले नाही. त्याची घोडी चुकलेली, पण सुट्या तारांना घोडीच्या चुकीशी काय कर्तव्य? आम्ही त्याच्या खालच्या दोन नको त्या तारा काढल्या आणि प नि सा तेवढे ठेवले. आता गुरुवारच्या भजनाला आमच्या मंडळातले एक म्हातारे सळई-कामगार ते मांडीवर घेऊन बसतात. त्यांना युकुलेले हा शब्द काही केल्या उच्चारता येत नाही. ते त्याला तुणतुणेच म्हणतात.